पत्रिकेतून मामांची ओळ गळाली त्याचं पूर्ण प्रकरण: इनडिझाईन सर्व्हर, दोन मशीन आणि एक फॉन्ट

मुलीच्या लग्नाच्या पाचशे पत्रिका छापून नेलेले एक काका चौथ्या दिवशी खोका घेऊन प्रेसमध्ये परत आले. आवाज चढवला नाही, खोका काउंटरवर ठेवला, वरची पत्रिका काढली आणि खाली बोट ठेवून म्हणाले, "ताई, इथे मुलीच्या मामांची नावं होती." मग फोनमध्ये आमच्याच साईटवरून त्यांनी ओके केलेलं प्रूफ, म्हणजे छपाईआधी बघायला दिलेला नमुना, उघडून दाखवलं. प्रूफमध्ये निमंत्रकांच्या चार ओळी, आजोबा-आजी, काका-काकू, आत्या-मामंजी आणि शेवटी मामा-मामी. हातातल्या पत्रिकेत तीनच. त्याखाली लगेच लहान मुलांची "आमच्या ताईच्या लग्नाला नक्की यायचं हं!" ही ओळ, ती वेगळ्या चौकटीत असल्यामुळे जागच्या जागी, म्हणजे नुसती पत्रिका बघून कुणाला शंकासुद्धा येणार नाही की इथून काही गेलंय.

आपल्याकडे ज्या मामाने भाचीला बोहल्यावर आणायचं, अंतरपाटामागे तिच्या पाठीशी उभं राहायचं, त्याचंच नाव पत्रिकेत नाही म्हणजे काय होतं हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. साठेक पत्रिका तोवर वाटून झाल्या होत्या आणि त्यातली एक मामांच्या घरीच गेली होती.

हे सगळं मी सविस्तर लिहितेय कारण चूक ना टायपिंगची होती, ना ऑपरेटरची, ना कुठे एरर आली होती. पानं लावणाऱ्या सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे कामांच्या नोंदवहीत, ते काम "पूर्ण" म्हणून नोंदलेलं होतं. लग्नपत्रिका असो, कॅलेंडर असो, शाळेची प्रगतिपुस्तकं असोत, ज्यांच्याकडे पानं आपोआप लागतात त्या सगळ्यांकडे हे होऊ शकतं.

आधी आमची व्यवस्था काय होती ते सांगते. प्रेस पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी, जुनी, आधी पेजमेकर आणि श्रीलिपीवर, म्हणजे पानं लावायच्या आणि मराठी अक्षरांच्या जुन्या सॉफ्टवेअरवर, चालणारी. मालकांनी काही वर्षांपूर्वी ठरवलं की पत्रिकेचं मॅटर लोकांनी घरबसल्या फोनवरून भरावं, डिझाईन निवडावं, लगेच प्रूफ बघावं, ओके केलं की छपाईची पीडीएफ तयार होऊन प्लेटला, म्हणजे छपाईच्या मशीनवर चढवायचा पत्रा बनवायला, जावी. ते काम मी आणि प्रेसमधला डिझायनर मुलगा मिळून करतो. पान लावायला आम्ही अडोबीचा इनडिझाईन सर्व्हर वापरतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इनडिझाईन हे पानं लावायचं सॉफ्टवेअर, आणि इनडिझाईन सर्व्हर म्हणजे तेच इनडिझाईन, पण स्क्रीन नसलेलं. मेनू नाही, पॅलेट नाही, माऊस नाही. २००५ मध्ये इनडिझाईनच्या सीएस२ या आवृत्तीबरोबर ते पहिल्यांदा आलं. कमांड लाईनवरून पोर्ट नंबर देऊन सुरू करायचं, मग ते त्या पोर्टवर कान देऊन बसतं, आपली साईट त्याला सोपच्या (प्रोग्रॅमनी एकमेकांना निरोप पाठवायची एक ठरलेली पद्धत) भाषेत निरोप पाठवते की ही स्क्रिप्ट चालव आणि ही घे माहिती. स्क्रिप्ट एक्सटेंडस्क्रिप्टमध्ये, म्हणजे जुन्या वळणाची जावास्क्रिप्ट. आमची स्क्रिप्ट टेम्प्लेट, म्हणजे डिझाईनचा रिकामा साचा, उघडते, वराच्या नावाच्या चौकटीत वराचं नाव टाकते, वधूच्या चौकटीत वधूचं, मुहूर्त, स्थळ, निमंत्रक वगैरे भरते, मग जेपेग किंवा पीडीएफ काढते आणि टेम्प्लेट सेव्ह न करता बंद करते. पानाची मांडणी करणारं इंजिन डेस्कटॉपवालंच असल्यामुळे डिझायनरने आपल्या कॉम्प्युटरवर जे लावलं तेच इथे दिसावं अशी अपेक्षा असते, आणि बहुतेक वेळा तसं दिसतंही.

मला नेहमी विचारतात की मग साधं इनडिझाईनच एका कॉम्प्युटरवर चालू ठेवून त्याच्याकडून का नाही करून घेतलं. एक तर लायसन्समध्ये ते बसत नाही, डेस्कटॉपचं लायसन्स माणसाने समोर बसून वापरायचं आहे. दुसरं, डेस्कटॉप इनडिझाईन मध्येच खिडकी उघडून विचारतं, फॉन्ट सापडत नाही काय करू, लिंक तुटलीय काय करू, आणि कुणी ओके दाबेपर्यंत तिथेच बसून राहतं. सर्व्हर असं विचारत नाही, पुढे जातो. आणि पुढे जातो हीच या प्रकरणातली कळीची गोष्ट आहे.

आता दोन मशीन का झाली ते. सुरुवातीला एकच मशीन होतं आणि त्यावर सर्व्हरची एकच प्रत चालायची, प्रूफही तीच काढायची आणि छपाईची पीडीएफही तीच. इनडिझाईन सर्व्हरची एक प्रत एका वेळी एकच काम करते, दुसरं आलं की ते थांबतं. वर्षभर हे पुरलं. मग तुळशीचं लग्न झालं, मुहूर्त सुरू झाले, आणि संध्याकाळी जेवणं उरकून सगळं घर फोनभोवती बसून मॅटर भरायला लागलं. एका प्रूफला सहा-सात सेकंद लागायचे, म्हणजे दहा जण एकदम आले की दहाव्याला मिनिटभर थांबावं लागणार, पण साईटला सांगून ठेवलेलं की तीस सेकंदांत उत्तर नाही आलं तर परत पाठव. साईटने वाट बघणं सोडलं तरी सर्व्हरला ते कळत नाही, तो आधी आलेलं काम करतोच, वर परत पाठवलेलंही करतो. रांग कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाली, मग त्याच्याही दुप्पट. त्यात काही स्क्रिप्ट मध्येच पडायच्या आणि उघडलेलं टेम्प्लेट बंद न होता तसंच मेमरीत राहायचं, दिसायला खिडकी नाही त्यामुळे कळतही नाही, रात्री मी मोजायला लावलं तेव्हा सत्तरच्या वर डॉक्युमेंट उघडी होती.

ते आम्ही नीट केलं. साईट आणि सर्व्हरच्या मध्ये रांग घातली, प्रत्येक कामाला नंबर दिला म्हणजे तेच काम दुसऱ्यांदा आलं तर घेतलं जात नाही, स्क्रिप्ट पडली तरी शेवटी डॉक्युमेंट बंद करायचंच असं लिहिलं, ठरावीक कामांनंतर प्रत बंद करून परत सुरू करायला लागलो. आणि छपाईच्या पीडीएफना प्रूफच्या गर्दीत थांबायला लागू नये म्हणून दुसरं मशीन आणलं. पहिल्या मशीनवर प्रूफ, दुसऱ्यावर छपाई. दुसऱ्यावर सर्व्हर विंडोजची सर्व्हिस म्हणून बसवला, म्हणजे लाईट जाऊन आली तरी कुणी लॉगिन न करता आपोआप उभा राहील. गावात लाईटचं काय असतं ते माहीतच आहे, त्यामुळे हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

पण बिघाड तिथूनच सुरू झाला.

दुसरं मशीन लावलं त्याच रात्री पहिली पीडीएफ प्लेटवाल्या काकांकडे गेली आणि त्यांचा फोन आला, "मॅडम, सगळे चौकोन आलेत." वधूवरांची नावं नीट, खालचं सगळं मॅटर रिकामे चौकोन. म्हणजे फॉन्ट सापडला नव्हता आणि सर्व्हरने न विचारता दुसरा फॉन्ट लावला होता, ज्यात देवनागरी अक्षरंच नव्हती. मी मशीनवर लॉगिन करून बघितलं तर फॉन्टच्या यादीत फॉन्ट आहे. परत पीडीएफ काढली, परत चौकोन.

कारण सापडायला दीड तास गेला. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ च्या शेवटापासून, फॉन्टवर डबल क्लिक करून इन्स्टॉल दाबलं की तो फक्त त्या लॉगिनपुरता बसतो, त्या माणसाच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये जातो. सगळ्यांसाठी बसवायचा तर राइट क्लिक करून तसा वेगळा पर्याय निवडावा लागतो. डिझायनर मुलाने आपल्या लॉगिनमधून नेहमीसारखा डबल क्लिक करून बसवला होता. मी रिमोटने गेले तीही त्याच लॉगिनने, म्हणून मला दिसत होता. सर्व्हिस मात्र वेगळ्या खात्याखाली चालते, तिला तो दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

रात्रीचे साडेअकरा वाजले होते, सकाळी सहाला प्लेट हवी होती, डिझायनर मुलगा घरी गेलेला आणि फोन उचलत नव्हता. मी इंटरनेटवरून तोच फॉन्ट परत उतरवला, सगळ्यांसाठी म्हणून बसवला, सर्व्हिस बंद करून चालू केली, पीडीएफ काढली, चौकोन गेले, अक्षरं आली. पान बघितलं, छान दिसलं, पाठवून दिलं.

इथे मी चुकले. नाव तेच, वजन तेच, अक्षराचं वळण तेच, पण मी उतरवलेली फॉन्टची आवृत्ती नवी होती आणि प्रूफच्या मशीनवर डिझायनरने दोन वर्षांपूर्वी बसवलेली जुनी होती. नव्या आवृत्तीत अक्षरांमधलं अंतर किंचित वाढवलेलं होतं. डोळ्याला कळणार नाही इतकं किंचित. एका शब्दात काहीच नाही, एका ओळीत एखादं अक्षर, पण निमंत्रकांची ओळ म्हणजे "श्री. व सौ." ने सुरू होऊन गावाच्या नावाने संपणारी भरगच्च ओळ, ती प्रूफमध्ये काठोकाठ बसलेली. नव्या फॉन्टने दुसऱ्या ओळीतलं गावाचं नाव खालच्या ओळीवर ढकललं, ओळी चाराच्या पाच झाल्या, चौकट चारांचीच. काका-काकूंचं गाव तिसऱ्या ओळीत एकटं, मग आत्या-मामंजी चौथ्या ओळीत...

थांबा, इथे वाचणाऱ्याला वाटेल की मग छापलेल्या पत्रिकेत चार ओळी दिसायला हव्या होत्या आणि तुम्ही वर तीन लिहिल्यात. मलाही तोच प्रश्न पडला होता. उत्तर असं की चौकटीत चारच ओळींची मोजकी जागा होती आणि त्या चारही ओळी तीन कुटुंबांनी भरल्या होत्या. मामांची ओळ पाचवी, म्हणून ती अख्खी चौकटीबाहेर. आणि वरची दोन ओळींची झालेली नोंद तीन कुटुंबांच्या मांडणीत इतकी सहज मिसळली होती की काकांनीही, मीही ती "तीन ओळी" म्हणूनच मोजली, तीन कुटुंबं म्हणून.

डेस्कटॉपवर असं झालं की चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात लाल रंगाचं अधिकचं चिन्ह येतं. डीटीपी करणाऱ्याची नजर आपोआप तिथे जाते, कुणी शिकवावं लागत नाही. ओव्हरसेट म्हणतात त्याला. सर्व्हरवर ते चिन्ह काढायला स्क्रीनच नाही. मजकूर डॉक्युमेंटमध्ये आहे, गेलेला नाही, फक्त पानावर दिसत नाही, आणि पीडीएफ काढणाऱ्याच्या दृष्टीने ही चूक नाहीच. म्हणून लॉगमध्ये "पूर्ण".

काका आले त्या दिवशी हे यातलं काहीच माहीत नव्हतं. मालकांनी आधी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि सरळ सांगितलं की चूक आमची आहे, उद्या दुपारपर्यंत पाचशेच्या पाचशे परत छापून देतो, पैसे नाही. काका म्हणाले, "छापून द्या, पण जी मेव्हण्याच्या घरी गेली ती काय परत येणार नाही. मीच जातो आज संध्याकाळी." मला ते वाक्य लागलं. मी त्यांना विचारलं की तुमच्याबरोबर दुरुस्त पत्रिका आताच देऊ का, आणि डिझायनर मुलाने आपल्या डेस्कटॉपवर ती पत्रिका उघडून डिजिटल मशीनवर त्याच कार्डावर पाच प्रती काढून दिल्या. त्या पाच घेऊन ते गेले.

मग शोध. पहिल्यांदा मी दोन्ही मशीनवर तेच टेम्प्लेट, तेच मॅटर देऊन पीडीएफ काढल्या आणि एकावर एक ठेवून बघितल्या. वरचा "श्री गणेशाय नमः" तंतोतंत जुळत होता, नावं जुळत होती, खालचा भाग जुळत नव्हता. म्हणजे फरक फक्त एका फॉन्टच्या मजकुरात. पीडीएफच्या प्रॉपर्टीत फॉन्टची नावं दिसतात, ती दोन्हीकडे तीच, आवृत्ती तिथे दिसत नाही. उपयोगी पडलं ते स्क्रिप्टमधलं एक साधं काम. इनडिझाईनला प्रत्येक फॉन्टबद्दल विचारता येतं की तुझी आवृत्ती कोणती आणि तू डिस्कवर कुठे आहेस. पाच ओळींची स्क्रिप्ट लिहून दोन्ही मशीनवर चालवली आणि दोन याद्या शेजारी ठेवल्या. आवृत्ती वेगळी, जागा वेगळी. तिथे सगळं उलगडलं.

हे कळल्यावर पहिली भीती ही वाटली की अजून किती. दुसरं मशीन लागल्यापासून एकशे चाळीसच्या आसपास कामं गेली होती. सगळ्यांचं मॅटर जपून ठेवलेलं होतं म्हणून परत चालवून बघता आलं, पण पीडीएफ एकेक डोळ्यांनी तपासण्यात अर्थ नव्हता, तेव्हा स्क्रिप्टला विचारायला लावलं. इनडिझाईनमध्ये एकमेकांना जोडलेल्या चौकटींतला सलग मजकूर म्हणजे एक स्टोरी, आणि प्रत्येक स्टोरीला थेट विचारता येतं की तू चौकटीबाहेर सांडतेयस का. उत्तर हो किंवा नाही. इतकं सोपं होतं ते, आणि आम्ही ते कधी विचारलंच नव्हतं, कारण डेस्कटॉपवर ते डोळ्यांना दिसायचं.

एकशे चाळीसपैकी नऊ कामांत मजकूर सांडत होता. सहांमध्ये फक्त शेवटचा रिकामा परिच्छेद, म्हणजे कुणीतरी मॅटर भरताना शेवटी एंटर दाबून ठेवलेला, काही बिघडलं नव्हतं. उरलेल्या तीनमधलं एक काकांचं. दोन घरी मालकांनी स्वतः फोन केला. एका घरी स्थळाच्या पत्त्यातली "बस स्टँडजवळ" एवढी खूण गेली होती, त्यांनी राहू दे म्हटलं. दुसरीकडे पत्रिका अजून खोक्यातच होत्या, त्या बदलून दिल्या.

ही तपासणी करताना आणखी एक गोष्ट हाती लागली जिचा फॉन्टशी संबंध नव्हता, आणि ती मराठीच्या बाबतीत इतकी नेमकी आहे की थोडं थांबून सांगते. एका पत्रिकेत गावाचं नाव "कर्हाड" असं छापलेलं सापडलं, ह च्या डोक्यावर रफार. भरणाऱ्याने "कऱ्हाड" लिहिलं होतं. आपला हा ऱ्ह, ऱ्य मधला आडवा र कॉम्प्युटरमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, खाली नुक्ता असलेल्या ऱ ला हलंत लावून पुढे ह. दुसरी जुनी तऱ्हा, साधा र, हलंत, मग एक न दिसणारं जोडचिन्ह ज्याला झीरो विड्थ जॉइनर म्हणतात, मग ह. कुठला कीबोर्ड कुठलं पाठवतो हे आपल्या हातात नाही. आणि आमच्या साईटवर मॅटर स्वच्छ करायचा एक जुना तुकडा होता, वेबसाईटवरून कॉपी करून चिकटवलेल्या मजकुरात नको ती अदृश्य चिन्हं येतात म्हणून तो सगळी अदृश्य चिन्हं काढून टाकायचा. त्यात हे जोडचिन्हही जायचं आणि आडव्या र चा रफार व्हायचा.

इंग्रजीत हा फरक कुणाला जाणवणार नाही. मराठीत दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, आणि दर्या म्हणजे समुद्र. गोऱ्हे, कऱ्हाडे, कुऱ्हाडे अशी आडनावं असलेल्या घरची पत्रिका असेल तर नावच बदललं. आता तो तुकडा बाकीची चिन्हं काढतो, पण हलंतानंतर आलेल्या जोडचिन्हाला हात लावत नाही, आणि र, हलंत, जोडचिन्ह अशी जोडी दिसली की तिला ऱ च्या तऱ्हेत बदलून ठेवतो म्हणजे पुढे कुठल्या प्रोग्रॅमने ते गिळायचा धोका राहत नाही.

याच फेरीत एक टेम्प्लेट असं सापडलं की ज्यात सगळं मॅटर वर्ल्ड रेडी कंपोझरवर (इनडिझाईनमधली अक्षरं-ओळी जुळवायची सोय, जिला देवनागरीचे नियम कळतात) होतं पण तळटिपेचा परिच्छेद साध्या कंपोझरवर राहिलेला, कुठल्या तरी इंग्रजी व्हिजिटिंग कार्डावरून ती चौकट उचललेली होती. साध्या कंपोझरला देवनागरीचे नियम माहीत नाहीत. "कृपया आहेर आणू नये" मध्ये फारसं कळलं नसतं, पण "निवास" आलं की न आधी आणि ऱ्हस्व वेलांटी त्याच्या नंतर, आणि "व्यवस्था" मध्ये जोडाक्षरं सुटून हलंत लोंबकळणार. २०१२ च्या सीएस६ पासून वर्ल्ड रेडी कंपोझर मेनूत आलाय आणि भारतीय भाषांसाठी तोच हवा. नशिबाने ते टेम्प्लेट अजून कुणी निवडलेलं नव्हतं.

आता काय काय बदललं ते. फॉन्ट दोन्ही मशीनवर एकाच फोल्डरमधून जातात, सगळ्यांसाठी म्हणूनच बसतात, आणि रोज पहाटे दोन्ही मशीन आपापली यादी, नाव, आवृत्ती आणि जागा, रांगेकडे पाठवतात. जुळली नाही तर छपाईचं मशीन काम घेतच नाही. टेम्प्लेट उघडल्यावर स्क्रिप्ट प्रत्येक फॉन्टची स्थिती विचारते, एकही बदली लागलेला असेल तर थांबते. देवांच्या चित्रांच्या लिंक तुटल्यात का ते विचारते. सगळं मॅटर भरल्यावर मांडणी परत करून घेते आणि मगच प्रत्येक स्टोरीला सांडतेयस का विचारते, क्रम हाच ठेवायचा, आधी विचारलं तर जुनं उत्तर मिळू शकतं. सांडत असेल तर आधी शेवटचे रिकामे परिच्छेद काढून बघते, मग निमंत्रकांचा आकार पाव-पाव पॉइंटने कमी करते, अकरावरून साडेनऊपर्यंत. त्याखाली नाही. साडेनऊच्या खाली सोनेरी फॉईलमध्ये जोडाक्षरांची पोटं भरतात, "ष्ठ" आणि "द्ध" नुसते ठिपके दिसतात, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना वाचता येत नाही ते वेगळंच. साडेनऊलाही बसलं नाही तर काम थांबतं आणि माणसाकडे जातं.

आणि सगळ्यात मोठा बदल, ज्याच्यावर आमचा दोन दिवस वाद झाला. डिझायनर मुलाचं म्हणणं होतं की एवढ्या तपासण्या घातल्यावर पुरे. माझं म्हणणं की ग्राहक ओके करतो ते एका मशीनचं चित्र आणि छापलं जातं दुसऱ्या मशीनचं, हे मुळातच चुकीचं आहे, त्या माणसाने जे बघितलं तेच छापलं गेलं पाहिजे. शेवटी असं ठरलं की भरताना जे पटापट बदलणारं चित्र दिसतं ते पहिल्या मशीनने द्यावं, पण "ओके" चं बटण येण्याआधी छपाईची पीडीएफ दुसऱ्या मशीनवर तयार व्हावी आणि ग्राहकाला तिच्यावरूनच काढलेलं चित्र दिसावं. ओके झालं की तीच फाईल, परत न बनवता, प्लेटला. यात ग्राहकाला अर्धं-पाऊण मिनिट थांबावं लागतं. मालक म्हणाले थांबतील, लग्न आयुष्यात एकदा असतं.

एक जोडून सांगते, सर्व्हर ज्या आवृत्तीचा आहे तिच्या पुढे डिझायनरचं डेस्कटॉप जाऊ देऊ नका. नव्या डेस्कटॉपमध्ये सेव्ह केलेली फाईल जुना सर्व्हर उघडत नाही, आयडीएमएल, म्हणजे जुन्या आवृत्तीलाही उघडता येणारी फाईल, काढून द्यावी लागते आणि मग मांडणी परत नव्याने तपासावी लागते. आम्ही अपडेट बंद करून ठेवलेत, सर्व्हर बदलतो तेव्हाच दोन्ही बदलतो.

काकांच्या पाचशे पत्रिका दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला बांधून तयार होत्या, मी स्वतः वरच्या दहा आणि मधल्या दहा वाचून बघितल्या. ते घ्यायला आले तेव्हा बरोबर मुलीचे मामाही होते. त्यांनी खोक्यातली एक पत्रिका काढली, आपली ओळ वाचली, मग वरपासून सगळी वाचली आणि खिशात ठेवली.

थांबलेल्या कामांची यादी आता काउंटरमागच्या स्क्रीनवर असते. काल त्यात एक होतं, निमंत्रकांमध्ये सोळा कुटुंबं, साडेनऊ पॉइंटलाही शेवटची दोन नावं बाहेर. डिझायनर मुलाने त्या घरी फोन लावला, आजी फोनवर होत्या. त्याने विचारलं की आजी, नावं जास्त होतायत, काही कमी करायची का. त्या म्हणाल्या, एकही नाही. मग त्याने गणपतीचं चित्र अर्ध्या सेंटीमीटरने लहान केलं, निमंत्रकांची चौकट वर ओढली, आणि काम परत रांगेत सोडलं.